दोन ठोके, मग एक

इश्वर मारबते नागपूरहून हृदयाचं ऑपरेशन करून घरी आला, तेव्हा त्याला बघायला अर्धं आसगाव लोटलं. छाती किती चिरली, झडप कसली बसवली, गोळ्या कुठवर घ्यायच्या, असं कोणी विचारलं की तो मुलाकडे, मिथुनकडे, बोट दाखवायचा. मिथुनला ते सगळं पाठ झालं होतं. इश्वर स्वतः एवढंच सांगायचा,

"मी बेहोश नोहतो गा. आतमधी जागा झालो होतो. आन मिथुनची माय आली होती."

मिथुनची माय म्हणजे इश्वरची बायको कौशल्या. तिला काविळीनं नेलं त्याला दोन पावसाळे झाले होते.

कोणी चहाचा कप खाली ठेवायचं, कोणी उगाच छताकडे बघायचं. लहानपणापासून इश्वरसोबत जाळं ओढत आलेला भूपेंद्र तेवढा म्हणाला, "का म्हने मंग वहिनी? तिकडं तलाव हाये का नाई?"

"बोलली नाई. ठोकलं तिनं."

"कसं? तसंच?"

"तसंच. दोन, मंग एक."

भूपेंद्रचं हसू तिथंच थांबलं. ठोकलं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

आसगावचा तलाव जुना आहे. पाण्याखाली कधीकाळच्या झाडांचे खुंट अजून उभे आहेत, आणि जाळं त्यात अडकलं की ओढून फाडण्यापेक्षा कोणीतरी बुडी मारून ते सोडवावं लागतं. गावातल्या मासेमार ढिवरांत हे काम इश्वरचं. पाणी गढूळ, डोळे उघडून काही दिसत नाही. खाली खुंटाशी झटापट करता करता वर कुठं आणि आडवं कुठं हेच समजेनासं होतं. चुकून शिंगाड्याच्या वेलाखाली वर आला, तर माणूस हाताला आलेला श्वास गमावून बसतो. म्हणून वर डोंग्यावर, म्हणजे लाकडी होडीवर, एक माणूस बसतं आणि डोंग्याची फळी ठोकतं. पाण्याखाली तो आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्या आवाजाच्या दिशेनं वर यायचं.

बाकीच्यांच्या डोंग्यावर भाऊ नाहीतर मुलगा बसायचा. इश्वरच्या डोंग्यावर लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून कौशल्या बसायची. तिच्याजवळ एक जुनी सांडशी असायची. जाळ्यात शिंगी मासा आला तर त्याचा काटा विंचवासारखा लागतो, म्हणून ती त्याला सांडशीनं धरून काढायची. इश्वर खाली गेला की त्याच सांडशीच्या मुठीनं फळीवर ठोकायची. टक टक. मग जरा थांबून, टक. नेहमी असंच. बाकीचे लोक सलग ठोकत राहायचे. ही दोन ठोकून थांबायची आणि मग तिसरा द्यायची. इश्वरनं कधी विचारलं नाही की मध्ये का थांबतेस. एखाद्याची चाल जशी असते, तसं तिचं ठोकणं आहे, असं तो समजत होता.

वर आल्यावर ती रागवायची मात्र. "पूरा दम कोंडून काहून येता जी? थोडी हवा सोडत येत जा."

तो म्हणायचा, "हवा माही, मी सोडन नाईतर ठेवन."

ऑपरेशनच्या दिवशी काय झालं, ते इश्वरच्या शब्दांत असं होतं. सुई दिली तेव्हा तो गेला. मग केव्हातरी आला. डोळे उघडेनात. बोट हलेना. अंग गार, आणि छातीवर कोणीतरी दोन्ही गुडघे टेकून बसल्यासारखं. दुखत नव्हतं, पण श्वास आपण घेत नाही आहोत हे त्याला कळलं, आणि तो घाबरला. ओरडावं तर जीभ कुणाची तरी दुसऱ्याची. आजूबाजूला माणसं बोलत होती. एक माणूस डब्यातल्या दोडक्याच्या भाजीला नावं ठेवत होता. एक बाई म्हणाली, हळूहळू गरम करा. दुसरी एक बाई म्हणाली, बुडबुडा आहे, थांबा सर. आणि मग फळीवर ठोके आले. टक टक. टक.

"मंग मले भेव नाई वाटलं," इश्वर सांगायचा. "म्हटलं, डोंगा वर हाये. आपन खाली आहो. वर जाचं हाये."

त्यानंतर पुन्हा अंधार, आणि डोळे उघडले ते खाटेवर.

ही गोष्ट त्यानं घरीच ठेवली असती तर पुढचं झालं नसतं. पण ती त्याची मोठी बहीण सखाबाई हिच्या कानावर गेली. सखाबाई शेजारच्याच घरात एकटी राहायची. जन्म-मरण, लग्न-बारसं, कुणाच्या घरी काय करायचं ते गावात तिला विचारून व्हायचं. ती आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

"इश्वर, ते तुले वर काढाले नोहती आली. न्याले आली होती."

"कायले नेन ते मले?"

"एकटी हाये म्हनून! घरात आली नाई ना ते अजून. तुलेबी ठाऊक हाये."

ते ठाऊक होतं. त्यांच्यात माणूस गेल्यावर त्याचा जीव पाण्यातून घरी आणतात. दिवस झाले की घरचे तलावावर जातात, नवी टोपली पाण्यात धरतात, नावानं हाक मारतात. टोपलीत जे पहिलं जिवंत येईल, मासोळी म्हणा, झिंगा म्हणा, ते घरी देवाजवळ पाण्याच्या गडव्यात ठेवतात. मग तो माणूस घरातला होतो. कौशल्याच्या वेळी सगळ्यांनी हाका मारल्या. "कौशल्या, घरी चाल!" मिथुननं मारली, सखाबाईनं मारली, इश्वरनं मारली. ऊन डोक्यावर आलं, टोपलीत काही आलं नाही. शेवटी सखाबाईनं काठावरची एक गोगलगाय उचलून टोपलीत टाकली आणि म्हणाली, चला, झालं. इश्वरनं ती गोगलगाय परत काठावर ठेवली. "हे आलं नाई, बाई. तू उचललं." त्या दिवशी रिकामी टोपली घेऊन ते घरी आले होते.

आता सखाबाई म्हणत होती, अशी बाहेर राहिलेली बाई जिवंत माणसाच्या मागं लागते. तिनं भगताशी बोलूनही घेतलं होतं. येत्या अमावस्येला भगत तलावाच्या काठावर लोखंडी खिळा ठोकणार होता, आणि ती गेल्यापासून काठावर उलटा पडलेला कौशल्याचा डोंगा फोडायचा होता. खिळा ठोकला की ती पुन्हा कुणाला हाक मारणार नाही. पण मग तिला घरीही येता येणार नाही, कधीच.

"बाई, तू असं नोको करू."

"तुह्या छातीत मशीन बसली हाये. आनखी एक डाव ठोकलं तिनं, त जाशीन. मिथुनचा संसार पाह्य जरा."

मिथुनच्या डोळ्यात इश्वरला आत्याचं पटल्यासारखं दिसलं. मुलाला बाप जिवंत पाहिजे होता. त्यात त्याचं काय चुकलं?

त्या दिवसापासून इश्वर खाटेवर पडून एकाच गोष्टीचा विचार करू लागला. ती आलीच होती का? आली असेल तर नेण्यासाठी की काढण्यासाठी, हे कोण ठरवणार? आणि आली नसेल तर ते ठोके कुणाचे? ठोके झाले होते, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. मासेमाराचे कान आहेत ते. पण ऐकलेलं खरं असलं, तरी ऐकवणारं कोण हे पाण्याखालून कधी दिसत नाही.

अमावस्येआधी तपासणीला नागपूरला जायचं होतं. मिथुनला तलावात माशांचं बीज सोडायचं काम निघालं, म्हणून सून नंदिनी सोबत आली. नंदिनी पवनीला बारावीपर्यंत शिकलेली. सासूनं तिला जाळं विणायला शिकवलं होतं, आणि सासूवर तिचा जीव होता.

एसटीत तिनं विचारलं, "मामाजी, डॉक्टरले विचारता का?"

"त्याच्यासाठीच त चाललो. छातीचं ते पायतीनच."

मोठ्या सर्जननं टाके बघितले, छाती ऐकली, ठीक आहे म्हटलं. इश्वरनं गोष्ट काढली, तेव्हा ते हसून म्हणाले, "बाबा, औषधांनी स्वप्नं पडतात." आणि पुढचा पेशंट बोलावला.

दाराशी येऊन इश्वर थांबला. "साहेब, मले जिनं बेहोशीची सुई देल्ली, त्या मॅडमले भेटाचं हाये."

"कशाला?"

"त्या म्हनल्या होत्या, हळूहळू गरम करा. का गरम कराचं होतं, ते विचाराचं हाये."

सर्जननं मान वर करून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फोन उचलला.

भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव रिता होतं. चाळिशीतली बाई, कपाळावर टोपीच्या दोरीचा वळ. तिनं दार लावलं, खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगा. जे आठवतं ते सगळं."

इश्वरनं सांगितलं. दोडक्याची भाजी आली तेव्हा तिला हसू आलं, आणि लगेच गेलं. बुडबुड्याचं वाक्य आलं तेव्हा तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं.

"तुम्ही जागे होतात," ती म्हणाली. "हे स्वप्न नाही."

"मी तेच सांगून राहिलो सगळ्याईले."

"हृदय कमजोर असतं, भूल जास्त दिली तर ते सोसत नाही. आम्ही तारेवर चालतो. ऑपरेशनच्या वेळी शरीर थंड केलेलं असतं. शेवटी रक्त पुन्हा गरम करत आणतो, तेव्हा एखादा माणूस थोडा वर येतो. हलू नये म्हणून वेगळं औषध असतं, त्यामुळे तो हलत नाही, आणि आम्हाला कळत नाही. फार कमी वेळा होतं. पण होतं. मला कळायला हवं होतं. माफ करा बाबा."

इश्वर गडबडला. माफी घ्यायला तो आला नव्हता.

"दुखलं का?"

"नाई. वजन वाटलं."

"आता झोप लागते? अंधारात भीती, दचकून उठणं? ज्यांना असं होतं, त्यातले बरेच जण पुढं वर्षानुवर्षं झोपत नाहीत."

नंदिनी मध्येच म्हणाली, "मॅडम, हे असे घोरते का मोहल्ल्यातले कुत्रे उठून दुसरीकडं जाते."

डॉक्टर पुन्हा हसली. पण तिला खरंच नवल वाटत होतं. "घाबरला कसे नाहीत तुम्ही?"

"पयले घाबरलो. मंग ठोके आले."

"कसले ठोके?"

इश्वरनं टेबलावर बोटाच्या पेरानं ठोकून दाखवलं. टक टक. टक. आणि मग डोंगा, सांडशी, बुडी, कौशल्या, सखाबाई, खिळा, सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिली. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "ते ठोके कुठून आले, हे मी तुम्हाला दाखवू शकते असं मला वाटतं. बघायचं आहे का? विचार करून सांगा."

ती असं का म्हणाली ते इश्वरला कळलं. त्यानं नंदिनीकडे पाहिलं. नंदिनी खाली बघत होती. न बघता घरी गेलं, तर कौशल्या आली होती हे राहतं. ते राहावं असं त्याला फार वाटत होतं. इतके महिने उलट्या पडलेल्या डोंग्याजवळून जाताना जो ठोका कधी ऐकू आला नव्हता, तो एकदा तरी आला होता. पण ते ठेवलं, तर काठावर खिळाही ठोकला जाणार होता. आणि खरं सांगायचं तर, खिळा नसता तरी तो उठलाच असता. जाळ्यात काय अडकलंय ते बघितल्याशिवाय त्याला आजवर राहवलं नव्हतं.

"दाखवा," तो म्हणाला.

त्यांना टोप्या दिल्या, चपला बदलायला लावल्या. ऑपरेशनच्या खोलीशेजारी एक लांबट खोली होती, तिथं एक मशीन उभं होतं. चाकांवरचं, गोल गोल पंप असलेलं, त्यातून नळ्या निघालेल्या. मशीनजवळ एक तरुण बाई नळ्या जोडत होती. डॉक्टर म्हणाली, "ही ज्योत्सना. हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं काम ह्या मशीनचं, आणि मशीन ही चालवते. तुमचं हृदय त्या दिवशी तासन् तास हिच्या हातात होतं."

इश्वरनं हात जोडले. ज्योत्सना म्हणाली, "बाबा, कोन्या गावचे?"

"आसगाव. पवनीजवळचं."

"मी तुमसरची. आमच्या घराच्या मांगंच राइस मिल हाये, मले मशीनच्या आवाजाशिवाय झोप येत नाई." मग डॉक्टरनं तिला सगळं सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. "हो. त्या दिवशी नळीत हवा आली होती. मीच म्हटलं, बुडबुडा आहे. माय! तुम्ही आयकत होते?"

"आयकत होतो. मंग का केलं तुवं?"

तिनं खिशातून एक चिमटा काढला. लांब, चकचकीत, कात्रीसारख्या मुठीचा. इश्वर पुढं वाकला.

"हे त सांडशी हाये!"

"सांडशीच म्हना. नळी दाबाले लागते. आन बुडबुडा चिकटून बसला की हिच्या मुठीनं ठोकतो. हवेचा बुडबुडा रक्तातून डोक्यात गेला त मानूस हातचा जाते. म्हनून ठोकून ठोकून त्याले वर काढतो."

"ठोकून दाखव."

इश्वरनं डोळे मिटले. नंदिनीनं त्याचा दंड धरला. मशीनवरच्या कडक डब्यावर चिमट्याची मूठ पडली.

टक टक.

मूठ क्षणभर थांबली.

टक.

तोच आवाज. तेवढंच अंतर. त्यानं डोळे उघडले तर समोर तुमसरची पोरगी, हातात चिमटा घेऊन, घाबरून त्याच्याकडे बघत उभी.

"होय," तो म्हणाला. "हाच."

मग त्यानं विचारलं, "मधात काहून थांबली तू?"

"जी?"

"दोन ठोकले. मंग थांबली. मंग एक. थांबली काहून?"

ज्योत्सनानं आजवर त्याचा विचार केला नव्हता. तिनं पुन्हा हात उचलून स्वतःशीच करून पाहिलं. "पाहतो ना मी, बाबा. दोन ठोकले की बुडबुडा हलला का ते पाहतो. हलून वर याले लागला, की आनखी एक देतो, म्हनजे तो मधात अटकत नाई."

इश्वर स्टुलावर बसला, आणि टोपीच्या टोकानं डोळे पुसू लागला.

"का झालं मामाजी? छाती दुखते का?" नंदिनी खाली वाकली.

"नाई व. मिथुनची मायबी पाहत होती."

"काय?"

"बुडबुडे. माहे. दोन ठोकाची, मंग थांबून पाहाची, मी हवा सोडली का नाई, बुडबुडे डोंग्याकडं वळले का नाई. वळले की मंग तिसरा द्याची, सरळ वर ये म्हनून." त्याला बोलताना दम लागला. "म्हनूनच म्हनत होती ते, हवा सोडत येत जा, हवा सोडत येत जा. मी खाली होतो ना. मले कसं दिसन?"

इतकी वर्षं तो त्या थांबण्याखालून वर आला होता. ती तेवढ्या वेळात वर बसून काय करते, हे आज त्याला नागपूरच्या एका खोलीत कळलं, आणि घरी जाऊन तिला सांगता येत नव्हतं.

निघताना डॉक्टर रितानं त्याला बजावलं की पुढं कधीही कुठलंही ऑपरेशन लागलं तर आधी हे सांगायचं, आणि झोप बिघडली तर फोन करायचा. ज्योत्सना दारापर्यंत आली.

"बाबा, आजपासून मी ठोकताना बोलत जाईन. घाबरू नका, बुडबुडा काढून राहिलो, असं. कोनी आयकत असन त."

"बोल. आपल्या झाडीपट्टीचंच बोल. घरचं वाटते," इश्वर म्हणाला.

एसटीनं उमरेड सोडलं. मग नंदिनी म्हणाली, "म्हनजे सासूबाई नोहत्या आल्या."

"नोहती आली."

"वाईट वाटून राहिलं?"

"हो."

नंदिनीनं पदरातला शेंगदाण्याचा पुडा पुढं केला. इश्वरनं दोन दाणे घेतले, हातातच ठेवले.

"मंग त्या घरात आल्या काहून नाई, मामाजी? एवढ्या हाका मारल्या."

इश्वर खिडकीबाहेर बघत होता. धानाच्या बांध्यांत पाणी होतं, एक बगळा बांधीवर उभा होता. तो हळूहळू म्हणाला, "मी तिले नावानं हाक मारली."

"मंग?"

"जन्मात मी तिले नावानं हाक मारली नाई, नंदिनी. मिथुनची माय म्हटलं, नाईतर 'अवं' म्हटलं. तलावावर पयल्यांदा कौशल्या म्हटलं. तिले वाटलं असन, हा कोन परका बोंबलून राहिला."

नंदिनी हसली, आणि हसताहसता तिनं पदर तोंडाला लावला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी इश्वरनं मिथुनला डोंगा सरळ करायला लावला. मिथुन आधी तयार नव्हता. पण नंदिनीनं रात्रभर त्याला काय सांगितलं कोण जाणे. सकाळी तो उठून डोंग्याच्या फटींत डांबर भरत बसला होता. भूपेंद्रनं धक्का मारून डोंगा पाण्यात लोटला. सखाबाई काठावर दगडावर बसली, तोंड फिरवून, पण बसली.

"डॉक्टरीनबाईनं सांगितलं म्हनून ते नोहती आली का?" ती म्हणाली.

"मी सोता आयकलं, बाई. मशीन होती. ते न्याले नोहती आली. खिळ्याचं काम नाई."

"आन मंग हे का चाललं?"

"ते घरात याची बाकी हाये. तूच म्हनली."

डॉक्टरनं वजन उचलायला मना केलं होतं, म्हणून इश्वर नुसता डोंग्यात बसला. मिथुननं बांबूनं डोंगा थोडा आत नेला, कमरेएवढ्या पाण्यात. डोंगा आणि काठ यांच्या मध्ये नंदिनी साडी खोचून उभी राहिली, आणि तिनं नवी टोपली पाण्यात आडवी धरली, तोंड डोंग्याकडे.

सखाबाई ओरडली, "हाक मारा ना रे कोनी!"

कोणी हाक मारली नाही. इश्वरनं पायाशी ठेवलेली सांडशी घेतली. मूठ गंजली होती. त्यानं ती फळीवर मारली. टक टक.

मग तो थांबला, आणि पाणी बघू लागला. आजवर हे त्यानं कधी केलं नव्हतं. तो नेहमी खाली असायचा. वरून पाणी कसं दिसतं, किती सपाट, आणि त्यात एखाद्या माणसाचा श्वास शोधायचा तर किती बारीक बघावं लागतं, हे त्याला आत्ता कळत होतं. शेवाळाच्या कडेला चिखलातून काही बुडबुडे उठले. कशाचे होते, देव जाणे. ते थोडे काठाकडे सरकले.

त्यानं तिसरा ठोका दिला.

नंदिनी एकदम किंचाळली. तिनं टोपली वर उचलली, पाणी गळून गेलं, आणि तळाशी बोटाएवढी एक मासोळी उड्या मारत होती.

"आली! मामाजी, आली!"

सखाबाई दगडावरून उठून पाण्यात आली. टोपलीत डोकावली, मग भावाकडे पाहिलं. तीही ढिवराचीच लेक होती.

"इश्वर, मले मूर्ख समजते का रे? फळी ठोकली की मासोळी आवाजाले भिऊन दुसऱ्या बाजूनं पळते. दुसऱ्या बाजूले टोपली धरली. हे आली नाई. हे त हाकलून आनली!"

"हो," इश्वर म्हणाला. "हाकलूनच आनली."

"आन गोगलगाय त तुले चालली नोहती!"

"गोगलगाय तू उचलली. हे सोता पळत आली." तो सांडशी पुसत होता. "आन तिनं मले जन्मभर असंच हाकलून वर आनलं ना, बाई. एकदाबी हाक नाई मारली."

सखाबाईनं नंदिनीच्या हातातली टोपली खेचून घेतली आणि म्हणाली, "अवं, पानी टाक ना त्याच्यात, मरन ना ते! गडवा कुठी हाये? कोनी आनला का नाई गडवा?"

गडवा कोणीच आणला नव्हता. भूपेंद्रनं आपली पाण्याची बाटली कापली, त्यात तलावाचं पाणी भरलं, आणि मासोळी त्यात सोडली. सखाबाई बाटलीवर हात धरून पुढं चालू लागली, मागं नंदिनी ओल्या साडीनं. मिथुननं बापाला हात देऊन डोंग्यातून उतरवलं.

"डोंगा उलटा करून ठेवू का, बाबा?"

"राहू दे सरळ," इश्वर म्हणाला, आणि सांडशी फळीवर, तिच्या जागी, ठेवून तो घराकडे निघाला.